सुट्टीत शाळेचा भात बंद. गल्लीतल्या पोरांच्या दुपारच्या जेवणाचं काय करावं?

घरकुलातली शेजारीण
मी सोलापुरात विडी घरकुलात राहते, शिवणकाम करते. आमच्या ओळीतल्या निम्म्याहून जास्त बाया विड्या वळतात. सकाळी विड्या द्यायला कारखान्यात गेल्या की पान-तंबाखू घेऊन परत यायला दुपार होते, आणि आल्या की लगेच सूप मांडीवर. शाळा असते तोवर पोरांचं तिथल्या भातावर भागतं. मे लागला की तेही बंद.

मागच्या सुट्टीत शेजारचा मुलगा रोज माझ्या मशीनजवळ येऊन बसायचा. मला वाटलं, शिवण बघायला आवडतं. नंतर कळलं, माझी डबा उघडायची वेळ त्याला पाठ झाली होती.

यंदा शाळा उघडेपर्यंत चाळीसेक पोरांना दुपारी फुकट जेवण द्यायचं म्हणते. तीन बाया तयार आहेत, समाजमंदिर मिळेल. शिधा किती लागेल? आणि नववी-दहावीच्या पोरांना बोलवायचं का? तो मुलगा आता नववीत आहे, म्हणून विचारते.

निवृत्त गुरुजी
ताई, शाळेचंच माप घ्या. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ नि 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला 150 आणि 30. लहान नि मोठी निम्मी-निम्मी धरली तर चाळीस पोरांना रोज पाच किलो तांदूळ, एक किलो डाळ, अडीच किलो भाजी. सहा वर्षांखालची आधी अंगणवाडीत विचारा.

योजना आठवीपर्यंतच. नववीत गेल्यावर भूक कमी होते असं कुणाला वाटलं देव जाणे! दुष्काळी भागात सुट्टीतही जेवण द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2004 चा आदेश आहे. पण दुष्काळ जाहीर नसला तरी मे महिना तोच असतो. मोठ्यांना बोलवाच, फक्त त्यांचा तांदूळ 150 च्या वर धरा.

साखर पेठेतला
आम्ही एक उन्हाळा केलंय, म्हणून सांगतो. दीडची वेळ ठेवली होती. पोरं अनवाणी पळत यायची, वर पत्र्याची खोली. सकाळी सातला केलेलं वरण दीडपर्यंत आंबलं, चौथ्या दिवशी अख्खं पातेलं ओतून दिलं. अकराला वाढा नि भांडी घासून मोकळ्या व्हा. पाण्याच्या पाळीप्रमाणे बॅरल भरून ठेवा, नाहीतर भांडी तशीच पडतात.

मोठ्या पोरांचं वेगळंच आहे की ओ. ती रांगेत उभीच राहत नाहीत. त्यात आमच्या एका देणगीदाराला फलकावर लावायला फोटो पाहिजे होता. दुसऱ्या दिवसापासून मिसरूड फुटलेलं एक पोरगं दिसलं नाही. मग फोटो बंद केले, मोठ्यांच्या हातात वगराळं दिलं, आणि वाढप्यांची पंगत शेवटी बसवली. तेव्हा कुठं पोटभर जेवले. ‘जेवायला ये’ म्हणू नका, ‘वाढायला ये’ म्हणा.

कडक भाकरीवाली मावशी
स्वयंपाकाची बाई एखाद्या दिवशी येणार नाही, हे धरूनच चाला. कडक भाकरीचा डबा भरून ठेवा. आठ दिवस काही होत नाही तिला. शेंगाचटणी, वर कच्चं तेल, सोबत कांदा. भाकरी ताकात मोडून दिली तर लहानांनाही चावते.

घरकुलातली शेजारीण
वेळ अकराची केली. गुरुजी, तुमचं माप वहीत उतरवून घेतलंय.

काल संध्याकाळी त्या मुलाला विचारलं, “उद्यापासून तांदूळ निवडायला, वाढायला येतोस का? माणूस कमी पडतंय.” त्यानं मान वर केली नाही, नुसतं विचारलं, “किती वाजता?” आज पावणेदहालाच येऊन बसलाय.