कॉन्सर्टची तिकिटे : विक्री सुरू होताच नेमके काय करावे?

सातारकर
नमस्कार. येत्या हिवाळ्यात मुंबईत होणाऱ्या एका मोठ्या कॉन्सर्टची ऑनलाइन विक्री लवकरच, दुपारी १२ वाजता, सुरू होणार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांच्या तिकीटविक्रीवेळी ऑनलाइन रांगेतील क्रमांक लाखांच्या घरात गेले होते, त्यामुळे धास्ती वाटते. मला आणि धाकट्या भावाला दोनच तिकिटे हवी आहेत. सकाळपासून पान उघडून बसल्यास क्रमांक पुढचा लागतो का? पैसे यूपीआयने भरावेत की कार्डाने?

पंचम
सकाळपासून ताटकळण्याची गरज नसते. अनेक ठिकाणी विक्रीपूर्वी ‘वेटिंग रूम’ उघडते आणि ठरलेल्या वेळेआधी तेथे पोहोचलेल्या सर्वांना सोडत काढल्याप्रमाणे क्रमांक दिले जातात. त्यामुळे आठ वाजता आलेला आणि पावणेबाराला आलेला यांच्यात फरक राहत नाही, मात्र बारा वाजून गेल्यावर येणारा या सर्वांच्या मागे जातो. विक्रेत्याने आपली पद्धत आधी जाहीर केली असेल, तर ती अवश्य वाचावी. एकाच ब्राउझरमध्ये चार टॅब उघडून सहसा काही साधत नाही. त्यापेक्षा भावाने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या मोबाइलवर वेगळी रांग धरावी आणि दोघांनीही आदल्या दिवशीच लॉग-इन करून ठेवावे.

कोकणकडा
रांगेपेक्षा पैसे भरताना अधिक जणांची तिकिटे हातची जातात, असे माझे स्पष्ट मत आहे. निवडलेली जागा आपल्यासाठी काही मिनिटेच राखून ठेवलेली असते आणि तेवढ्यात ओटीपी आला नाही, तर ती पुन्हा विक्रीत जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नव्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते सुरू करून मर्यादाही आधीच वाढवून घ्यावी. यूपीआय वापरणार असाल, तर त्या आठवड्यात मोबाइल किंवा सिम बदलू नका, कारण नव्या मोबाइलवर नोंदणी केल्यानंतर पहिले २४ तास साधारणपणे ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. कोल्डप्लेच्या तिकिटांचे दर २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत होते, हे लक्षात घेता दोन तिकिटांसाठी ती मर्यादा सहज अपुरी पडेल.

पंचम
याच कारणामुळे ‘तिकिटे संपली’ असे दिसले तरी लगेच उठू नये. ज्यांचे पैसे भरले गेले नाहीत त्यांच्या जागा थोड्या वेळाने पुन्हा दिसू शकतात. मात्र दुसऱ्या संकेतस्थळांवर चढ्या भावाने तिकीट घेण्याच्या फंदात कृपया पडू नका. कोल्डप्लेच्या वेळी अशा ठिकाणी लाखांचे भाव लागले होते आणि अधिकृत विक्रेत्याने त्या संकेतस्थळांशी आपला काहीही संबंध नसल्याचे जाहीर केले होते. तिकीट खोटे निघाल्यास प्रवेशद्वारावर तुमची बाजू ऐकणारे कोणी नसते.

सातारकर
आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. खात्यातून पैसे गेले आणि तिकीट आलेच नाही, तर काय करावे?

कोकणकडा
घाईने दुसऱ्यांदा पैसे भरण्यापूर्वी ‘माझी तिकिटे’ हे पान पाहा, कारण कधी कधी पुष्टीचा संदेश उशिरा येतो. व्यवहार खरोखरच फसला असेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यानंतरच्या विलंबासाठी रिझर्व्ह बँकेने दररोज १०० रुपये भरपाई ठरवून दिली आहे. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट तेवढा जपून ठेवा, बँकेकडे तक्रार करताना तोच मागितला जातो.