फोरमन बोलला म्हणून तर कळलं!

घाटावरचा:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "निकालानंतर मुलाखती देणाऱ्या ज्युरीला आत टाका." उदाहरण ॲपल-सॅमसंगच्या पेटंट खटल्याचं, अमेरिकेत सॅन होजे, 2012. डोकंच फिरलं. निकाल लागल्यावर तिथे ज्युरीला बोलायला मोकळीक आहे. आणि फोरमन, म्हणजे ज्युरीचा म्होरक्या, बोलला म्हणूनच कळलं ना, की हे पेटंट माझं असतं तर मी कसं वाचवलं असतं, असा विचार करून गडी ज्युरीच्या खोलीत बसला होता? सॅमसंगला चटका बसेल अशी रक्कम हवी होती, हेही त्यानेच सांगितलं. ॲपलला 105 कोटी डॉलर! भरपाई ही शिक्षा नव्हे, अशी न्यायाधीशांची सूचना असताना.

निवृत्त_वकील:
कळून काय दिवे लावले? आतल्या चर्चेबद्दल ज्युरीची साक्ष कोर्ट घेतच नाही, मोजके अपवाद सोडून. अमेरिकेच्या पुराव्याच्या नियमांतला 606(बी) वाचा. सॅमसंगची हिस्सेदारी असलेल्या सीगेट कंपनीशी झालेला जुना खटला फोरमनने ज्युरी निवडीच्या वेळी सांगितला नाही, त्याबद्दल बोला.

घाटावरचा:
सीगेटमध्ये नोकरी केली हे सांगितलं होतं की! सॅमसंगने तेव्हाच खोदायचं होतं. न्यायाधीश लूसी कोहबाईंनी डिसेंबरात सॅमसंगचा त्याबद्दलचा अर्ज फेटाळला तो उगाच?

बे_एरियावाली:
मी बसलेय ज्युरीत. आमच्यातही एक इंजिनियर होता, पहिल्या दिवसापासून मास्तर. बाकीचे माना डोलवत होते, कारण सगळ्यांना घरी जायचं होतं. आतलं कुणालाच कळत नाही, हे खरंय.

खडूस_आजोबा:
म्हणूनच आपल्याकडे नानावटी खून खटल्यानंतर ज्युरी गेली. 8 विरुद्ध 1 ने निर्दोष!

निवृत्त_वकील:
आजोबा, विधी आयोगाने ज्युरी काढा म्हटलं 1958 मध्ये. नानावटीने गोळ्या झाडल्या 1959 मध्ये.

खडूस_आजोबा:
अहवाल कपाटात असतात! आमचे वडील सांगायचे, नानावटीची बाजू घेणाऱ्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचा चार आण्यांचा अंक दोन रुपयांना जायचा. ज्युरीतली माणसं काय डोळे मिटून घरी जात होती?

निवृत्त_वकील:
म्हणूनच सेशन्स जज मेहतांनी निकाल न स्वीकारता प्रकरण हायकोर्टात पाठवलं. झाली ना जन्मठेप!

खडूस_आजोबा:
आणि 1964 मध्ये माफी. तेही सांगा की वकीलसाहेब. का ते गैरसोयीचं?

केतकी:
पेटंटचा धागा आहे हो हा!!

निवृत्त_वकील:
बरं, पेटंट. मार्च 2013 मध्ये कोहबाईंनी भरपाईतून सुमारे 45 कोटी डॉलर वगळून तेवढ्यापुरती नव्याने सुनावणी लावली, ती ज्युरीची आकडेमोडीची पद्धत चुकली म्हणून. मुलाखतींमुळे नव्हे. त्यांचा उपयोग शून्य.

घाटावरचा:
कोर्टाला शून्य, मान्य. मी सॅमसंगचा वकील असतो तर मुलाखत ऐकून पुढच्या वेळी स्वतःचं पेटंट असणाऱ्याला ज्युरी निवडीतच नारळ दिला असता. तुम्ही ठेवला असता का, साहेब?