'हेल ऑन व्हील्स'ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: 'हेल ऑन व्हील्स' या अमेरिकी मालिकेवर दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. काळ यादवी युद्धानंतरचा, १८६५ पासूनचा. युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे रूळ नेब्रास्कातून पश्चिमेला सरकतायत आणि त्यांच्यामागे तंबूंची वस्ती सरकतेय. दारूचे गुत्ते, जुगार, कुंटणखाने, सगळं त्यात. रूळ पुढे गेले की तंबू उतरवायचे, गाडीवर लादायचे, नव्या टोकाला ठोकायचे. हे नाव त्या वस्तीचं. मी 'चाकांवरचा नरक' लिहिलं, संपादकांनी 'फिरती छावणी' केलं. छावणी म्हटलं की मला सैन्य दिसतं, नाहीतर दुष्काळातली गुरं. काय लिहू?

घाटवाट: 'चाकांवरचा नरक' वाचून डब्यातली गर्दी डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे 'पालं' आहे की! पालं पडली, पालं उठली. जत्रेतल्या दुकानदारांची असतात, भटक्यांची असतात. 'रुळांमागची पालं' लिहा.

पाटीपेन्सिल: शब्द गोड आहे, पण पालात चूल असते, पोरंबाळं असतात. इथे आलेले लोक मजुराचा पगार त्याच्या खिशातून काढायला आलेत. शिवाय सगळीच पालं उठली नाहीत. शायेन १८६७ मध्ये असंच वसलं आणि आज वायोमिंगची राजधानी आहे. बेंटन मात्र १८६८ मध्ये काही महिन्यांतच नाहीसं झालं. दोन्ही एका शब्दात बसायला हवीत.

शब्दनिष्ठ: त्याआधी लेखातलं 'रेल्वे' काढा. 'लोहमार्ग' हा चांगला शब्द आहे आणि तो पुस्तकी नाही, 'लोहमार्ग पोलीस' ही पाटी स्टेशनात असते. 'रूळ'सुद्धा मला इंग्रजी 'रूलर'वरून आलेला वाटतो. आपला शब्द असताना उसना का घ्यायचा?

इगतपुरी_लाइन: माझे आजोबा गँगमन होते. त्यांच्या तोंडून मी 'लोहमार्ग' एकदाही ऐकला नाही. 'लाइनीवर चाललो' म्हणायचे. उन्हाळ्यात रूळ लांबतो आणि थंडीत आखडतो, हे त्यांनीच शिकवलं, आणि त्या वाक्यात 'रूळ'च होता. ज्यांनी आयुष्यभर खडी भरली त्यांच्या तोंडचा शब्द उसना कसा? मालिकेचा नायक बोहॅनन मुकादमासारखा मजुरांत उभा राहून काम करून घेतो. त्याच्या तोंडी 'लोहमार्ग' घालाल तर तो कलेक्टर कचेरीतला वाटेल.

मोडीवाचक: 'रूळ' हा 'रुळणे'वरूनच. चाक ज्यावर रुळतं तो रूळ. 'रुळणे' तर रेल्वेच्या कितीतरी आधीचं, तुकोबांच्या 'राजस सुकुमार' अभंगात वैजयंती माळ कंठी रुळते.

शब्दनिष्ठ: क्रियापद जुनं आहे, मान्य. पण माळ रुळते ती लोंबते, हलते. रूळ तर जागचा हलता कामा नये. क्रियापद जुनं म्हणून नामही त्याच्यापासूनच झालं, हे सिद्ध होत नाही. आणि कलेक्टर कचेरीचं म्हणाल, तर शासनाने लोकांच्या भाषेत पाटी लावली यात कमीपणा कसला?

इगतपुरी_लाइन: पाटी लोक वाचतात. बोलत नाहीत.

घाटवाट: पाटीपेन्सिलताई, मालिकेच्या शेवटच्या भागांत पश्चिमेकडून रूळ टाकत येणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीचे चिनी मजूर आहेत, सिएरा नेवाडाचा कातळ फोडणारे. त्यांच्यावर जास्त लिहा. १० मे १८६९ ला प्रॉमन्टरीला दोन्ही बाजूंचे रूळ जुळले तेव्हाच्या गाजलेल्या छायाचित्रात त्यांना जवळजवळ जागाच नाही. आपल्या भोर घाटातही १८५६ ते १८६३ या काळात हजारो माणसं अशीच खपली, पटकीने कितीतरी मेली. त्यांच्या झोपड्यांना लोक काय म्हणत, ते कुणी शोधलं तर तुमचा शब्द तिथेच सापडेल.

मोडीवाचक: बोरघाट. 'भोर घाट' हा इंग्रजी कागदांतला उच्चार. भोर गाव तिथून कितीतरी दूर, नीरा खोऱ्यात.

घाटवाट: रेल्वेच्या कागदांत 'भोर घाट'च आहे, आणि खंडाळ्याला आमच्या घरातही तेच म्हणतात. गाव दूर आहे म्हणून नाव चूक ठरतं का?

मोडीवाचक: घरात म्हणतात ते रेल्वेने शिकवलेलं. घाटाखालच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना विचारा, 'बोरघाट'च ऐकाल.

इगतपुरी_लाइन: मग आमच्या थळ घाटाला 'कसारा घाट' कुणी शिकवलं, तेही सांगा. आजोबा दोन्ही म्हणायचे.