अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये डिफेन्सिव्ह होल्डिंगला (बचावपटूने प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्याला) १० यार्ड आणि वर फर्स्ट डाउन (प्रयत्नांची नवी मालिका), हा न्याय आहे का?

मायामीप्रेमी: तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) १८ यार्ड हवे असताना आमच्या बचावफळीने प्रतिस्पर्ध्यांना रोखले, पास भलत्याच बाजूला जमिनीवर पडला, आणि तरीही दुसऱ्या टोकाच्या कॉर्नरबॅकवर (रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूवर) पंचांचा होल्डिंगचा झेंडा, म्हणजे चुकीची खूण, पडून त्यांना १० यार्ड आणि फर्स्ट डाउन बहाल झाला. ज्या रिसीव्हरकडे (पास झेलणाऱ्याकडे) चेंडू गेलाच नाही, त्याला धरल्याने कोणाचे काय बिघडले? एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये याच चुकीला ५ यार्ड पुरतात.

कोलंबसकर: "चेंडू गेलाच नाही" हे दर शनिवारी ऐकतो, आज उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. तो निकष पास इंटरफिअरन्सचा (पास हवेत असताना झेलणाऱ्याला अडवण्याचा) आहे, होल्डिंगचा नव्हे. जर्सी धरल्यामुळे रिसीव्हर मोकळा झाला नाही, म्हणून क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्याला) दुसरीकडे पाहावे लागले. बिघडले ते तिथेच. शिवाय एनएफएलमध्ये ५ यार्डांपुढे रिसीव्हरला धक्का देणेही निषिद्ध आहे, तर कॉलेजमध्ये पास सुटेपर्यंत त्याला समोरून अडवण्याची मुभा असते. एवढी मुभा असूनही जो कापड पकडतो, त्याला १० यार्ड मुळीच जास्त नाहीत.

मायामीप्रेमी: कोलंबसच्या माणसाने आम्हाला होल्डिंग शिकवू नये. ३ जानेवारी २००३, फिएस्टा बोलचा सामना, आमची मायामी विरुद्ध तुमच्या कोलंबसची ओहायो स्टेट, चौथा डाउन: आमचे खेळाडू जल्लोष करत मैदानात धावले असताना पंच टेरी पोर्टर यांनी उशिरा झेंडा टाकला, आधी होल्डिंगची खूण केली आणि मग ती बदलून पास इंटरफिअरन्सची केली. आमची सलग ३४ विजयांची मालिका त्या खुणेपायी तुटली. त्या रात्री मी आणि माझे वडील जेवलो नाही.

कोलंबसकर: मालिका दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये (जादा खेळात) आमच्या ३१-२४ अशा विजयाने तुटली. पास सुटण्याआधी धरले आणि नंतरही सोडले नाही, असेच पोर्टर यांनी सांगितले होते. झेंडा उशिरा पडला, एवढेच मान्य करतो.

डॅलसची आई: आपण दोघेही २००३ मध्ये अडकला आहात. टेक्सासमध्ये शाळांचे सामनेही कॉलेजच्याच नियमांवर आधारलेले असतात. माझ्या मुलावर हाच झेंडा पडला तेव्हा मी पंचांवर चिडले, पण घरी चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिल्यावर त्याची डाव्या हाताची मूठ रिसीव्हरच्या कमरेशी जर्सीत अडकलेली स्पष्ट दिसली. त्यानंतर तो पावले आधी हलवायला शिकला.

मायामीप्रेमी: ताई, आपल्या मुलाच्या बाबतीत नियम योग्य होता, हे मान्य करावेच लागेल. परंतु १८ यार्ड हवे असताना शिक्षेचे १० मिळाले, तर उरलेले ८ यार्ड कोणत्या हिशेबाने माफ होतात, याचे उत्तर कोलंबसकरांनी अजून दिलेले नाही.