पावागडच्या रस्त्यावरचं दुकान: नव्या मालकानं चढाईचे भाड्याचे रोप बंद केले, बरं केलं की वाईट?

गाठमार

हालोलकडून पावागडला वळलं की डाव्या हाताला आपलं ते चढाईच्या सामानाचं दुकान. दिवाळीनंतर ते विकलं गेलं, हे एव्हाना बडोद्यातल्या चढणाऱ्या प्रत्येकाला कळलंय. जुने मालक काका, त्यांचे गुडघे गेले, मुलगा परदेशात स्थायिक, म्हणून हालोलच्याच एका भाईंनी ते घेतलं. भाईंचा मूळ धंदा यात्रेकरूंना चुनरी, नारळ आणि पाण्याच्या बाटल्या विकण्याचा. त्यांनी आल्या आल्या रोप-हार्नेस (चढाईचे दोर आणि कमरेचे पट्टे) भाड्यानं देणं बंद केलं, उधारीच्या वहीवर रेघ मारली आणि काकांच्या वेळचे सगळे रोप कोयत्यानं हात-हातभर तोडून टाकले. तेव्हापासून रविवारी शेव-उसळ खाताना दुसरा विषय नाही. भाईंना चढाईतलं काय कळतं, दुकानाची रया गेली, वगैरे.

मी उलट बाजूचा आहे. भाईंनी केलं ते काकांनीच कधीतरी करायला हवं होतं.

ज्यांना राग आलाय त्यांनी आठवून बघावं, ते रोप ठेवलेले कुठे असायचे. आतल्या खोलीत, इन्व्हर्टरच्या बॅटरीला लागून, लोखंडी खुंटीवर. बॅटरीतून ओघळलेल्या आम्लानं फरशीला पडलेले पांढरट डाग अजून तिथे आहेत, जाऊन बघा. चढाईचा रोप नायलॉनचा असतो आणि बॅटरीतलं सल्फ्युरिक आम्ल नायलॉनला खातं. वरून काही दिसत नाही, हाताला काही लागत नाही, आणि एक दिवस वजन आलं की तुटतो. धारदार कड सोडली, तर चांगला दिसणारा रोप तुटल्याच्या ज्या घटना तपासल्या गेल्या त्यांत आम्लाचं नाव पुन्हा पुन्हा येतं.

दर्शनी भागात टांगलेल्या हार्नेसचंही तेच. वैशाखातलं पश्चिमेचं ऊन थेट त्यांच्यावर. अशा कापडी सामानाला बहुतेक उत्पादक जास्तीत जास्त दहा वर्षं देतात, तीही न वापरता नीट ठेवलं तर. काकांच्या हार्नेसवरची लेबलं पुसून गेली होती, साल कुठलं ते काकांनाही सांगता आलं नसतं. कुठला रोप कुणी नेला, त्यावर किती फॉल झाले (चढणारा पडून रोपाला किती धक्के बसले), कडेवर घासला का, कसलीच नोंद नाही. उधारीची मात्र पैशापैशाची होती.

एमएसयूवाली

तुमच्याकडे स्वतःचा रोप आहे म्हणून हे सुचतं. 60 मीटरचा बरा डायनॅमिक (पडल्यावर ताणला जाणारा) रोप साधारण पाच आकड्यांत जातो. हार्नेस, शूज, हेल्मेट वेगळं. होस्टेलवर राहणाऱ्यांनी आणायचं कुठून? आमच्यातले कितीतरी जण काकांच्या भाड्याच्या हार्नेसमध्ये पहिल्यांदा दगडावर चढले. सरकारी संस्थेचा कोर्स आबूला होतो, कबूल. पण तिथून परत आल्यावर हातात प्रमाणपत्र आणि कमरेला काही नाही, अशी अवस्था. भाड्याचं सामान वाईट होतं तर चांगलं आणा आणि तेच भाड्यानं द्या. सगळंच बंद करणं म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

कोठीकर

कोयत्यानं तोडले म्हणे! काकांना निदान एक फोन तरी करायचा. आयत्या बिळावर नागोबा ते हेच.

गाठमार, आज तुम्ही आम्ल आणि लेबलं सांगताय. तुम्हाला फिगर एटची गाठ कुणी शिकवली? मागच्या चिंचेखाली काकांनीच. गाठ चुकली की सगळ्यांच्या चहाचे पैसे चुकणाऱ्यानं द्यायचे, असा तिथला कायदा. बडोद्याची मराठी पोरं, हालोलची गुजराती पोरं, आसपासच्या गावांतली आदिवासी पोरं, सगळी त्या एका बाकावर बसायची. नवा पोरगा आला की काका सामान देण्याआधी विचारायचे, कुणाबरोबर चाललास? एकटा किंवा दोघंही नवखे असले तर पैसे समोर ठेवले तरी रोप मिळायचा नाही. हे कुठल्या लेबलावर लिहिलेलं असतं?

आणि ती दुसरी वही, निळ्या पुठ्ठ्याची. कुठल्या भिंतीवर जुना पेग (ठोकलेली खुंटी) सैल झालाय, कुठल्या भेगेत हात घातला की पापुद्रा सुटतो, कुठे आग्या मोहोळ बसलंय आणि ते कधी उठतं. पायऱ्यांच्या खालच्या भिंतीवर तर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, नवरात्रात चढू नये, वरून यात्रेकरूंच्या पायाखालचे दगड येतात, नारळही येतात. ती वही आता कुठे आहे, कुणाला ठाऊक आहे का?

गाठमार

काकांबद्दल एक शब्द वावगा बोललो नाही आणि बोलणार नाही. पण माणूस चांगला म्हणून रोप चांगला ठरत नाही.

आता निघालंच आहे तर सांगतो. काका भाड्यानं द्यायचे तो पांढरा रोप स्टॅटिक होता. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, उत्तम. वर अँकर (रोपाचा पक्का आधार) लावून टॉप-रोप करताना, ढील न ठेवता, तोही चालून जातो. पण पोरं त्यावर लीड करायची (रोप खालून बरोबर घेऊन पहिलं चढायची) आणि काका बघून न बघितल्यासारखं करायचे. डायनॅमिक रोप पडणाऱ्याला झेलताना ताणला जातो, चाचणीत 40 टक्क्यांपर्यंत ताण मान्य आहे. स्टॅटिक जवळजवळ ताणतच नाही, म्हणून सगळा धक्का कमरेला आणि अँकरला. चाचणीच्या यंत्रावर डायनॅमिक सिंगल रोपला 80 किलोच्या वजनाचे पाच जबर फॉल झेलावे लागतात आणि पहिल्या फॉलचा धक्का 12 किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. ही चाचणी पांढऱ्या रोपाला लागूच नाही, कारण तो त्या कामाचा नाही.

नोटरी

मी चढत नाही, पोरगी चढते, म्हणून वाचतोय. कायद्याचं एवढंच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तू विकणाऱ्याच्या व्याख्येत भाडेपट्ट्यानं देणाराही येतो. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर भरपाईचा दावा त्याच्यापर्यंत पोचू शकतो. 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे' असा कागद सही करून घेतला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. निष्काळजीपणा त्यानं धुऊन निघत नाही. भाईंना हे त्यांच्या वकिलानं सांगितलं असेल, तर त्यांनी भाडं बंद केलं यात मला नवल वाटत नाही.

रोपवे आज्जी

मला दोरांतलं काही कळत नाही, मी माचीपर्यंत बसनं आणि पुढे रोपवेनं जाणारी. पण भाईंनी मागचं बाथरूम बांधून घेतलंय, आतून कडी लागते आणि नळाला पाणी येतं. काकांच्या काळात पोरींचे हाल होते. हेही कुणीतरी लिहा.

एमएसयूवाली

आज्जी, शंभर टक्के. त्याबद्दल भाईंचं अभिनंदन, मनापासून. भाड्याचा मुद्दा मात्र सोडत नाही.

मांडवीकर

दुकान हातातून हातात गेलं की चढणारे रडतात, हे जगभर चालत आलंय. इव्हॉन चुइनार्ड 1957 मध्ये लोहारकाम शिकला आणि गाडीच्या डिकीतून पिटॉन (कड्याच्या भेगेत ठोकायच्या खुंट्या) विकायला लागला. दीड डॉलरला एक. युरोपातले त्याहून कितीतरी स्वस्त होते, तरी लोक त्याचेच घेत, कारण ते पुन्हा पुन्हा ठोकता-काढता यायचे. पुढे त्याच पिटॉननी कडे कुरतडले जातायत हे दिसल्यावर 1972 च्या कॅटलॉगमध्ये त्यानं स्वतःच लोकांना चॉक (न ठोकता भेगेत अडकवायचे धातूचे तुकडे) वापरायला सांगितलं. खपाचा मोठा वाटा पिटॉनचा असताना. मग दावे आले, 1989 मध्ये चुइनार्ड इक्विपमेंट दिवाळखोरीत गेली, कामगारांनीच ती विकत घेतली आणि नाव बदललं. तीच आजची ब्लॅक डायमंड, जिच्या कॅराबिनरसाठी (रोप अडकवायच्या कड्यांसाठी) आपण मुंबईहून येणाऱ्या मित्राची वाट बघत बसतो. मालक बदलला म्हणून चढाई थांबली नाही. उलट दाव्यांनी सगळ्यांना धडा शिकवला, सामानाबरोबर सूचना छापून द्यायच्या. भाई जे करतायत त्यात वाईट काय आहे?

कोठीकर

चुइनार्ड स्वतः चढत होता, साहेब. त्याचे कामगारही चढत होते, म्हणून कंपनी तरली. आमचे भाई कधी माचीच्या वर पायऱ्यांनी तरी गेलेत का? उदाहरण काढलंत ते माझ्याच बाजूचं निघालं.

चिमटी

इतके सगळे बोलतायत, भाईंशी कुणी बोललं का? मी काल गेले होते. रोप का तोडले विचारल्यावर ते म्हणाले, "बेन, मला दोरातलं काही कळत नाही. जे कळत नाही ते जुनं झालेलं मी लोकांच्या जिवाला कसं बांधू? मी फक्त सीलबंद विकणार." मला हे काकांच्या दहा कौतुकांपेक्षा प्रामाणिक वाटलं.

पण गाठमार, एवढ्यात खूश होऊ नका. मी ते सीलबंद सामान बघून आले. हालोलमध्ये कारखाने आहेत, त्यांना सुरक्षा-सामान पुरवणाऱ्याकडूनच भाईंनी माल उचललाय. रॅकवर कॅराबिनर आहेत ते ईएन 362 या युरोपीय मानकाचे, म्हणजे उंचीवर काम करणाऱ्या कामगारांसाठीचे. चढाईचं मानक ईएन 12275. मजबुतीला ते कमी नाहीत, पण स्टीलचे, वजनाला भारी, पाच-सहा कमरेला लावून चढून दाखवा. कॅराबिनरचं एक वेळ सोडा. रोप? पांढरा, ईएन 1891, मीटरवर कापून मिळतो. म्हणजे स्टॅटिकच! नवा, सीलबंद, बिल पक्कं, आणि लीडला तितकाच चुकीचा. मी उभी असताना दोन पोरं आली, 40 मीटर घेऊन गेली. कशाला हवाय, हे भाईंनी विचारलं नाही. काकांनी विचारलं असतं.

गाठमार

मग तो मुद्दा भाड्याचा नाही, माहितीचा आहे. ईएन 892 चे, म्हणजे डायनॅमिक, दोन रोप मागवा आणि पांढऱ्या रोपाच्या रिळावर गुजराती, मराठी, हिंदीत पाटी लावा, 'यावर लीड करू नये'. पाटी मी रंगवून देतो.

कोठीकर

पाटी वाचून कुणी थांबतं का? पायऱ्यांवर कचरा टाकू नये ही पाटी आहेच की.

एमएसयूवाली

मला मधला रस्ता दिसतोय. भाई विकतील, भाड्यानं देणार नाहीत, ठीक. आपण आठ-दहा जणांनी वर्गणी काढून दोन डायनॅमिक रोप घ्यायचे. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची वही, कधी घेतला, कुणी नेला, कुठे लीड केला, फॉल किती. परत येताना पूर्ण रोप हातातून सरकवायचा, दर हातभर अंतरावर चिमटीत धरून वाकवायचा. वळण गोल न राहता तिथेच दुमडलं तर आतला गाभा गेला, तो भाग बाद. एका माणसाला अर्धा तास लागत नाही. विद्यार्थ्यांना नाममात्र पैशात द्यायचा, पण जुना कुणी बरोबर असेल तरच. काकांचा नियम, तुमची नोंद.

नोटरी

वर्गणीचा रोप पैसे घेऊन दिलात की तुम्हीही देणारेच झालात. पैसे घेऊ नका. किंवा घेणार असाल तर आधी माझ्याकडे या.

मांडवीकर

रोप ठेवणार कुणाकडे? माझ्याकडे कपाट आहे, अंधारं, कोरडं, इन्व्हर्टर दुसऱ्या खोलीत. पण मी मांडवीत राहतो, रविवारी पहाटे साडेपाचला कुणी बेल वाजवली तर बायको घराबाहेर काढेल.

चिमटी

भाई ठेवायला तयार आहेत, मी विचारलं. वरच्या माळ्यावर पत्र्याची पेटी देतील, किल्ली आपली. भाडं नको म्हणाले, रविवारी चहा-नाश्ता इथेच करा म्हणाले. धंदा कळतो माणसाला.

आणि कोठीकर, निळी वही त्यांच्याच गल्ल्याखाली आहे. फेकलेली नाही, उघडूनही बघितलेली नाही. हिशेबाची समजून जपून ठेवली होती.

कोठीकर

पत्र्याची पेटी उन्हाळ्यात माळ्यावर भट्टीसारखी तापेल, रोप तिथे नको. खाली, उत्तरेच्या भिंतीला.

वही मी शनिवारी जाऊन घेतो. कुणी फोटो काढून टाकण्याचं म्हणेल, तर माझा विरोध आत्ताच नोंदवून ठेवतो. त्यातल्या अर्ध्या भिंतींवरचे पेग काकांच्या तरुणपणातले आहेत, वाचून कुणीही घरबसल्या निघेल. शिवाय चांपानेर-पावागड 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, जुन्या तटबंदीजवळच्या दोन भिंतींवर आपण मुळात जायलाच नको होतं. ती पानं तर नकोतच बाहेर.

एमएसयूवाली

म्हणजे वही तुमच्या कपाटात आणि माहिती तुमच्या मर्जीवर? फोटो काढायचे. तटबंदीची पानं वगळा, सैल पेगांपुढे लाल फुली मारा, पण बाकीचं सगळ्यांना दिसू दे. शनिवारी मीही येतेय.