अनुभव धागा : खणातली जुनी ‘फॉरेव्हर’ तिकिटं आणि आजची पत्रं

मंडळी, अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत एखाद्या खणात टपाल तिकिटांचा अर्धा ताव पडलेला असतो. तिकिटावर किंमत नसते, नुसतं ‘फॉरेव्हर’ लिहिलेलं असतं. एप्रिल २००७ मध्ये लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेच्या चित्राचं पहिलं असं तिकीट आलं, तेव्हा ते ४१ सेंटला मिळायचं. जुलै २०२५ च्या दराने एक औंसाच्या (सुमारे २८ ग्रॅम) साध्या पत्राला ७८ सेंट पडतात. ते ४१ सेंटचं तिकीट या पत्राला आजही एकटं पुरतं, वर काही लावावं लागत नाही.

धागा काढायचं कारण, घरं आवरताना असे ताव सरळ कचऱ्यात गेलेले मी पाहिले आहेत. “एवढी जुनी तिकिटं आता कुठली चालायला!” असं म्हणून. चालतात हो. किंमत छापलेली जुनी तिकिटंसुद्धा चालतात, पार १८६१ पासूनची. फक्त ती छापलेल्या किमतीइतकीच धरतात. त्याआधीची तेवढी बाद आहेत, कारण यादवी युद्ध पेटलं तेव्हा दक्षिणेतल्या पोस्टांत पडलेला साठा विकून बंडखोर राज्यांनी पैसा उभा करू नये म्हणून सरकारने ती रद्द केली.

तुम्ही ठेवणीतली तिकिटं कशाला वापरलीत, कोणाला काय पाठवलंत, काउंटरवर काय विचारलं गेलं, सगळं लिहा. इतर देशांतल्यांनीही लिहा.

एडिसन, न्यू जर्सी

आमच्याकडे दिवाळीचं तिकीट आहे! ५ ऑक्टोबर २०१६ ला न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत त्याचं प्रकाशन झालं. सोनेरी पार्श्वभूमी आणि एक तेवती पणती. ते निघावं म्हणून इथल्या भारतीयांनी वर्षानुवर्षं सह्या गोळा केल्या होत्या, आणि खासदार कॅरोलिन मलोनी यांनी विषय लावून धरला होता. मीही कितीतरी सह्या मिळवल्या. त्यामुळे तिकीट हातात आलं तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. तेव्हा ४७ सेंट पडले. पुन्हा छापतील न छापतील म्हणून आम्ही मैत्रिणींनी मिळून भरपूर ताव घेतले.

मंडळाची सगळी निमंत्रणं आता व्हॉट्सॲपवर जातात. पण आमचे काही काका-काकू ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांना मी गणपतीचं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं पाकिटातूनच पाठवते, पणतीचं तिकीट लावून. एक काका मला फोन करून सांगतात, “पत्र मिळालं, येतो.” निरोप फोनवर दिला तर ते “बघू” म्हणतात.

सॅन होजे

मुलीच्या लग्नाचा अनुभव सविस्तर लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

पत्रिका छापील होत्या, जाड कागदाच्या. आत अक्षतांची छोटी पुडी घालायचीच असा माझ्या सासूबाईंचा आग्रह होता, आणि मलाही तो पटला. अक्षतांशिवाय बोलावणं कसलं? पण पुडीमुळे पाकीट मध्येच फुगतं, यंत्रातून सरकत नाही, आणि अशा पाकिटाला जास्तीचे पैसे पडतात. चारी बाजू सारख्या असलेल्या पाकिटालाही पडतात. हिशोब असा : पहिल्या औंसाचे ७८ सेंट, पत्रिका जड म्हणून दुसऱ्या औंसाचे २९, हाताने हाताळण्याचे ४९. बेरीज एक डॉलर ५६ सेंट. म्हणजे बरोब्बर दोन फॉरेव्हर तिकिटं! घरात २००९-१० च्या सुमाराची बरीच पडली होती. मी एक भरलेलं पाकीट आधी पोस्टात नेऊन काट्यावर ठेवून घेतलं, मग बाकीच्यांना हात लावला. वजनाचा अंदाज घरी करत बसू नये.

मुलीला मात्र जवळच्या माणसांच्या पाकिटांवर जुनी, किंमत छापलेली तिकिटं हवी होती. तिकीट विक्रेत्यांकडे न वापरलेली जुनी तिकिटं छापील किमतीपेक्षा स्वस्तात मिळतात, कारण जमवणाऱ्यांच्या दृष्टीने ती दुर्मीळ नाहीत. ३२ ची दोन, २९ चं एक, २५ ची दोन आणि १३ चं एक, झाले १५६. कुठे पक्षी, कुठे झेंडा, कुठे जुनी आगगाडी. पाकिटाचा वरचा उजवा कोपरा भरून गेला आणि पत्ता खाली सरकवावा लागला. ती पाकिटं आम्ही पेटीत टाकली नाहीत. काउंटरवर देऊन हाताने शिक्के मारून घेतले. बाईंनी एकेक पाकीट हातात घेऊन पाहिलं आणि अगदी मन लावून शिक्के मारले. इतकी देखणी दिसत होती ती! वधूची आई म्हणून त्या दिवशी मला जे समाधान मिळालं ते हॉल ठरला तेव्हाही नव्हतं.

ह्यूस्टन

सूचना छोटी पण महत्त्वाची. जुन्या ओलं करून लावायच्या तिकिटांचा डिंक दमट हवेत एकमेकांना धरतो. ती गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या पाकिटात ठेवा, आणि डिंक गेला असेल तर साधी गोंदकांडी वापरा. वरून चिकटपट्टी लावू नका, तसं तिकीट ग्राह्य धरत नाहीत.

लेस्टर, इंग्लंड

इथली गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपल्या ज्येष्ठांपर्यंत पोचायलाच हवी.

ब्रिटनमध्ये किमतीऐवजी ‘फर्स्ट’ आणि ‘सेकंड’ लिहिलेली तिकिटं ऑगस्ट १९८९ मध्येच आली, म्हणजे अमेरिकेच्या कितीतरी आधी. तेव्हा फर्स्ट क्लास १९ पेन्सना होतं. एप्रिल २०२५ पासून ते १ पौंड ७० पेन्स झालं. लोकांनी भाव वाढायच्या आधी पुस्तिकाच्या पुस्तिका घेऊन ठेवल्या, आणि शहाणपणच केलं. पण २०२२ मध्ये तिकिटांवर बारकोड आले. राणीच्या चेहऱ्याची, बारकोड नसलेली रोजची तिकिटं ३१ जानेवारी २०२३ नंतर बाद ठरली. जुलैअखेरपर्यंत सवलत दिली होती.

ती फेकू नका! फॉर्म भरून पाठवली की बदल्यात बारकोडवाली फुकट मिळतात, त्याला मुदत नाही. आमच्या शेजारच्या गुजराती बांकडे बिस्किटांच्या डब्यात अशा पुस्तिका साठल्या होत्या. नवरा गेल्यापासून तो डबा त्यांनी उघडला नव्हता. मी त्यांच्याबरोबर बसून सगळं मोजलं, फॉर्म भरला, आणि काही आठवड्यांत नवी तिकिटं घरी आली. बा आता राजकोटच्या बहिणीला पत्र लिहितात.

आणखी एक : चित्रांची विशेष तिकिटं आणि नाताळची तिकिटं बारकोड नसला तरी चालतात. ती बदलायला पाठवू नका, सरळ वापरा.

माझं स्पष्ट मत आहे की ‘कायम चालेल’ म्हणून विकलेली वस्तू कायम चालायला हवी, फॉर्म भरायला लावू नये. म्हाताऱ्या माणसांना हे झेपत नाही.

मिसिसागा, कॅनडा

आमच्याकडे ‘पी’ अक्षराचं (‘पर्मनंट’, म्हणजे कायमचं) तिकीट, नोव्हेंबर २००६ पासून. ५१ सेंटला घेतलेली सासऱ्यांची तिकिटं अजून चालू आहेत. २०१७ मध्ये भारत आणि कॅनडाने मिळून दिवाळीची तिकिटं काढली, त्यातलं एक ‘पी’ होतं. त्याचे काही ताव मी राखून ठेवलेत, दर दिवाळीला थोडे काढते.

शिकागो

इंटरनेटवर फॉरेव्हर तिकिटं अर्ध्या किमतीत दिसली तर घेऊ नका. ती बनावट असतात आणि तसं पाकीट पुढे जात नाही. नवी तिकिटं पोस्टातून घ्या, जुनी ओळखीच्या विक्रेत्याकडून.

पुणे

मी ही पत्रं घेणाऱ्या बाजूचा. साठ वर्षांपासून तिकिटं जमवतो. भारतात किंमत नसलेलं तिकीट नाही. वीस ग्रॅमपर्यंतच्या साध्या पाकिटाला पाच रुपये, आणि तिकिटावरचे आकडे जुळवून ते भरायचे. माझ्याकडे जास्तीची कोरी तिकिटं खूप आहेत. रुपयाची, पन्नास पैशांची, अगदी पंचवीस पैशांची. पंचवीस पैशांचं नाणं २०११ मध्ये चलनातून गेलं, पण त्या तिकिटांची चार लावून मी रुपया पुरा करतो आणि आमच्या पोस्टात शिक्का बसून पत्र जातं. काउंटरवर डिंकाची बाटली असतेच. भाचीला बोस्टनला पत्र पाठवतो तेव्हा अर्धं पाकीट तिकिटांनीच भरतं. ती त्यातली सगळी सोडवून घेते, कोमट पाण्यात भिजवून.

परदेशातल्या मंडळींना विनंती : फ्रँकिंगच्या, म्हणजे यंत्राने दर छापलेल्या, पट्टीऐवजी खरं तिकीट लावत जा. आमच्याकडच्या मुलांना तिकीट दाखवायला मिळतच नाही हल्ली.

मिनिआपोलिस

पुण्याच्या काकांना नक्की लावून पाठवेन! मुलगी सांगलीच्या आजीला दर महिन्याला लिहिते, मराठीत. परदेशासाठीचं ‘ग्लोबल फॉरेव्हर’ तिकीट गोल असतं, त्यामुळे ते तिनेच लावायचं असं ठरलेलं आहे. एक प्रश्न : माझ्याकडे २०१३ ची, १ डॉलर १० सेंटला घेतलेली ग्लोबल तिकिटं आहेत. ती आणि साधी फॉरेव्हर, दोन्ही भारतात चालतील का?

धागाकर्ता

दोन्ही चालतील. ग्लोबल असेल तर एक औंसापर्यंत एकच पुरे, कधीही घेतलेलं असो. भारतात एक औंसाच्या पत्राला जुलै २०२५ च्या दराने १ डॉलर ७० सेंट लागतात. साधी फॉरेव्हर लावायची तर दोनाचे १ डॉलर ५६ सेंट धरतात, म्हणून वर १४ सेंटची कुठलीही जुनी तिकिटं लावा. १३ चं एक आणि १ चं एक असलं तरी झालं.