काशीबाई कानिटकरांवरचं साहित्य कॅटलॉगमध्ये कसं शोधू?

एम.ए.च्या प्रबंधासाठी लेखिका काशीबाईंवर (१८६१–१९४८) काम करतेय. ग्रंथालयाच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये 'कानिटकर' टाकलं, तर दोनच नोंदी. अख्खी दुपार गेली. काय चुकतंय?

उत्तर: जुन्या नोंदी बऱ्याचदा रोमन लिपीत असतात. स्पेलिंग बदलून बघा. एक पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीतल्या विषयावर क्लिक करा.

उत्तर: आधी शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची (छापील पुस्तकांची यादी) मागा, १८०० ते १९३७ची. मी तिच्यातून नाव-साल वहीत उतरवूनच कॅटलॉग उघडते. आणि ८९१.४६च्या, म्हणजे मराठी साहित्याच्या वर्गीकरण क्रमांकाच्या, कपाटापुढे स्वतः उभ्या राहा, ताई.

प्रश्नकर्ती: सापडलं! नोंदींतल्या रोमन स्पेलिंगमध्ये टी आणि के यांच्यामध्ये एक ए जास्त होता. आणखी सात नोंदी मिळाल्या. उद्या दाते मागते.